अलर्ट दिसल्यानंतरची ५२ मिनिटे

शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर, शनिवारी २ वाजून १४ मिनिटांनी नवी मुंबईतील महापे येथील आमच्या सायबर सुरक्षा केंद्रातल्या पडद्यावर एका ग्राहक संस्थेच्या लेखा विभागाच्या सर्व्हरबद्दल अलर्ट आला. त्यात लिहिलेली गोष्ट अगदी साधी होती. दुरून संगणक हाताळण्याचे एक सॉफ्टवेअर त्या सर्व्हरवर नुकतेच बसवले गेले होते. असे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक कचेरीत असते. प्रिंटर चालेनासा झाला किंवा जीएसटीच्या विवरणपत्राला अडचण आली की आयटीचा माणूस घरी बसून त्याच्याच आधारे दुरुस्ती करतो. त्यामुळे हा अलर्ट आला की बहुतेक वेळा तो बंद करून पुढच्या कामाला लागायची सवय पडलेली असते. त्या रात्री माझ्या शेजारी बसलेल्या, नोकरीला लागून पाचच महिने झालेल्या सहकाऱ्याने तो बंद केला नाही. ज्या खात्यातून ते सॉफ्टवेअर बसवले गेले होते ते एका लेखापालाचे होते, आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी उघडून त्याने मला दाखवले की हे खाते सकाळी दहाच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर एकदाही उघडलेले नव्हते. "ताई, हे काही बरोबर वाटत नाही," एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते आम्हाला तिसऱ्या मिनिटाला पटलेही होते. पण करारानुसार आम्हाला पाहण्याचा अधिकार होता, हात लावण्याचा नव्हता. सर्व्हर नेटवर्कपासून तोडायचा तर त्या संस्थेतील कोणीतरी 'हो' म्हणायला हवे होते. आमच्याकडच्या यादीतला पहिला फोन ज्या गृहस्थांचा होता त्यांनी दिवाळीतच ती नोकरी सोडली होती. दुसरा फोन बंद होता. तिसरा, आयटी प्रमुखांचा, चौथ्या प्रयत्नाला उचलला गेला. ते घरच्या कार्यासाठी चिपळूणला गेले होते, आणि झोपेतून उठलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी सांगितले, "मॅडम, तो सर्व्हर बंद केला तर उद्या कंटेनरची कागदपत्रे निघणार नाहीत. साहेबांना विचारल्याशिवाय मला काही करता येणार नाही." साहेब फोन उचलत नव्हते. २ वाजून ४१ मिनिटांनी तेच खाते बॅकअपच्या सर्व्हरवर दिसले. २ वाजून ५८ मिनिटांनी फायलींची नावे बदलू लागली. परवानगी मिळाली ३ वाजून ६ मिनिटांनी. तोपर्यंत अकरा संगणकांवरील माहिती कुलूपबंद, म्हणजे हल्लेखोरांच्या किल्लीशिवाय न उघडणारी, झाली होती, बॅकअप पुसला गेला होता, आणि त्या संस्थेचे हिशेब पुन्हा सुरळीत व्हायला नऊ दिवस लागले.

मी गेली नऊ वर्षे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या बोलीत 'सॉक'मध्ये, काम करते. राहते कळव्याला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, त्यांच्या शेजारी आता ऐरोली, रबाळे, महापे येथे मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, आणि महाराष्ट्र सायबर या राज्याच्या यंत्रणेचे केंद्रही महापेतच आहे. या परिसरातील लहानमोठ्या संस्थांचे चालक भेटले की मला एकच प्रश्न विचारतात : नव्या हल्ल्यांपासून वाचण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्न गैर नाही, आणि चांगली साधने लागतातच. पण त्या रात्री साधनाने त्याचे काम चोख केले होते, माणसानेही केले होते, आणि तरीही नुकसान झाले. दिसणे आणि दिसल्यावर हालचाल होणे यांच्यामध्ये जी ५२ मिनिटे गेली, त्यांच्यावर उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या क्षेत्रात या संदर्भात सांगितली जाणारी सर्वांत मोठी घटना अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीची आहे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिच्या बिलाच्या काउंटरवरील यंत्रांतून सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेले. हल्लेखोर आत आले ते वातानुकूलन व शीतकपाटांचे काम पाहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या खात्यातून. पुढे उघड झालेल्या माहितीनुसार नव्याने बसवलेल्या यंत्रणेने ३० नोव्हेंबरलाच इशारा दिला होता, बेंगळुरूमध्ये बसलेल्या पथकाने तो पाहून मिनियापोलिस येथील मुख्य केंद्राला कळवलाही होता; तेथे मात्र त्यावर काही झाले नाही. आमच्याकडे नवीन मुले रुजू होतात तेव्हा मी त्यांना ही हकिगत आवर्जून सांगते, कारण बेंगळुरूच्या त्या खुर्चीत आणि महापेच्या आमच्या खुर्चीत फारसा फरक नाही. आपणही दुसऱ्याच्या घरावर नजर ठेवून असतो, आणि किल्ली आपल्याजवळ नसते.

हल्लेखोरांना दिसणे आणि हालचाल यांमधले हे अंतर ठाऊक असते आणि ते त्यावरच हिशेब मांडतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याचा पहिला दिवस होता ११ ऑगस्ट २०१८, म्हणजे दुसरा शनिवार, बँकांच्या सुट्टीचा दिवस. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती. त्यामुळे पैसे मागणारी प्रत्येक विनंती बँकेच्या खऱ्या प्रणालीपर्यंत न पोहोचताच मंजूर होत गेली आणि २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली. सोमवारी बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगला आणखी रक्कम पाठवण्यात आली. एकूण फटका ९४ कोटी रुपयांच्या वर होता. त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८.१ कोटी डॉलर गेले, तेव्हाही गुरुवारची रात्र निवडली होती. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, अमेरिकेत शनिवार-रविवार, आणि फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी, असे दिवस एकामागोमाग एक लागले होते. आमच्याकडे गणपतीच्या सुट्ट्यांत किंवा दिवाळीच्या आठवड्यात शिफ्टवर जास्त माणसे ठेवायला मी भांडते ते याच कारणासाठी.

आता प्रवेशाच्या नव्या वाटांविषयी. कुलूप तोडून आत येणारा हल्लेखोर हल्ली आम्हाला कमी दिसतो. बहुतेक वेळा तो कोणाची तरी किल्ली घेऊन, रीतसर लॉगिन करून येतो. त्या लेखापालाच्या बाबतीत काय झाले ते आम्ही नंतर नोंदींवरून पायरीपायरीने जुळवले. शुक्रवारी दुपारी ते मालवाहतुकीच्या दरांचा एक तक्ता शोधत होते. एका संकेतस्थळावर 'मी रोबो नाही' अशी नेहमीची चौकट आली. तीवर क्लिक केल्यावर खाली तीन सूचना उमटल्या : विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. त्यांनी तसे केले. त्या पानाने त्यांच्या नकळत क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता साठतो तिथे, एक आज्ञा ठेवली होती, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती संगणकाला दिली. कोणतीही फाइल उतरवल्याचे त्यांना दिसले नाही, धोक्याचा इशारा देणारी कोणतीही खिडकी उघडली नाही. क्लिकफिक्स या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार २०२४ पासून झपाट्याने वाढला, आणि तो लागू पडतो कारण आपण सारेच अशा चौकटींना हो म्हणत आलो आहोत.

त्या आज्ञेने जो चोर प्रोग्राम आत आणला त्याने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेलेच, पण त्याहून मोलाच्या गोष्टी नेल्या, त्या म्हणजे सेशन कुकी. आपण पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा आत गेलो की संकेतस्थळ ब्राउझरला एक पावती देते, म्हणजे प्रत्येक पानावर पुन्हा ओळख पटवावी लागत नाही. ती पावती ज्याच्या हाती असेल त्याला ओटीपी विचारलाच जात नाही. "आमच्याकडे ओटीपी आहे, मग काळजी कशाची?" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे समजावून सांगते. ओटीपी असायलाच हवा, नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. परंतु संशय आल्यावर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, त्या खात्याची सर्व उघडी सत्रे (सेशन) त्याच क्षणी रद्द करावी लागतात. ही पायरी विसरल्यामुळे हल्लेखोर दुसऱ्या दिवशी पुन्हा आत आलेला मी पाहिला आहे.

दुसरी वाट आवाजाची आहे. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीवर एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या हल्ल्यात हल्लेखोरांनी दुसऱ्याच कोणाचे तरी सोंग घेऊन शिरकाव केला, असे कंपनीच्या अध्यक्षांनी तेथील संसदीय समितीसमोर सांगितले. त्यांची ऑनलाइन विक्री कित्येक आठवडे बंद राहिली. २०२४ च्या सुरुवातीला अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबाबत ईमेल आला, तेव्हा त्याला संशय आला होता. मग व्हिडिओ कॉल झाला, त्यात वित्त प्रमुख आणि इतर सहकारी दिसले, बोलले, आणि संशय मावळला. त्या कॉलवरील बाकी सर्व चेहरे बनावट होते. पंधरा व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. आपल्याकडे हे इतक्या मोठ्या प्रमाणावर अजून रोज घडत नसले तरी भाषेतला बदल मला स्पष्ट जाणवतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत फसव्या संदेशांतील मराठी वाचताक्षणी ओळखू येई. क्रियापदे चुकलेली, शब्द यंत्रातून काढलेले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिलेले संदेश शुद्ध, नम्र आणि मुद्देसूद असतात. आरटीओच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनवर अॅप बसवणाऱ्या, फायली याच घरातल्या, आणि त्या आल्या वैयक्तिक फोनवर तरी त्याच फोनवर कंपनीचा ओटीपी येत असतो, हे विसरून चालत नाही.

यावर आम्ही ग्राहकांना जो नियम पाळायला सांगतो तो जुन्या काळातल्या कोणत्याही मुनिमाला पटला असता. पैसे किंवा पासवर्ड यांच्याविषयीची मागणी कोणत्याही मार्गाने आली तरी फोन ठेवायचा आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून विचारायचे. साहेब रागावले तरी चालेल, असे साहेबांनी स्वतः आधी सर्वांना सांगून ठेवलेले असायला हवे. आणि पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवायचे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

तिसरी वाट विश्वासातल्या सॉफ्टवेअरची. तिचा अनुभव आपल्या परिसराने फार लवकर घेतला. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातील, मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या ताब्यातील टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले आणि बाहेर कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. त्याचे मूळ होते युक्रेनमध्ये. तेथे हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरवण्यात आला होता. ज्यांनी अपडेट वेळेवर घेतले, म्हणजे नियम पाळला, त्यांच्याच घरात तो शिरला, आणि तेथून मेर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये गेला. कंपनीला १० दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या सर्व खात्यांची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर एकाच वेळी नष्ट झाले होते. एकच शिल्लक राहिला, घानामधला, कारण त्या वेळी तेथे वीज गेल्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता. जगातील एका अग्रगण्य जहाज कंपनीची उभारणी त्या एका तुटलेल्या यंत्रावरून झाली, ही गोष्ट मी बॅकअपच्या चर्चेत नेहमी मांडते. बॅकअपची किमान एक प्रत नेटवर्कला जोडलेली नसावी, आणि ती पुसण्याचा अधिकार रोजच्या वापरातील कोणत्याही खात्याला नसावा. आमच्या त्या ग्राहकाचा बॅकअप त्याच डोमेनमध्ये, त्याच खात्यांच्या आवाक्यात होता. तो रोज नियमाने घेतला जात होता, पण तो परत उभा करून पाहण्याची चाचणी कधीच झाली नव्हती.

ओळखण्याच्या कामाबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असते, की मोठ्या पडद्यावर जगाचा नकाशा असतो आणि लाल दिवा लागला की हल्ला झाला. प्रत्यक्षात काम आहे ते नोंदी वाचण्याचे. प्रत्येक संगणक, प्रत्येक लॉगिन, फायरवॉल, ईमेल यांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा होतात. सीम नावाची प्रणाली त्यांची सांगड घालते, तर प्रत्येक संगणकावर बसलेला ईडीआर हा पहारेकरी प्रोग्राम तिथल्या हालचाली पाहतो. एका शिफ्टमध्ये शेकडो अलर्ट येतात, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. थकवा हाच आमचा खरा शत्रू आहे. शंभर वेळा खोटा ठरलेला अलर्ट एकशे एकाव्या वेळी नीट वाचायचा, हे रोज रात्री करून दाखवावे लागते. म्हणून अलर्टची संख्या कमी करणे, निरुपयोगी नियम काढून टाकणे, हे नवे साधन विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि त्यासाठी कोणी वेळ देत नाही.

मोठमोठे हल्ले उघडकीस आले ते बारीकशा विसंगतीवरून. सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अमेरिकेतील सरकारी खात्यांपर्यंत पोहोचलेल्या घुसखोरीचे प्रकरण डिसेंबर २०२० मध्ये उजेडात आले, कारण फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या नावावर लॉगिनसाठी दुसरा फोन नोंदवला गेल्याचे दिसले आणि तो त्याचा नव्हता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत आहे. तो मागोवा घेत गेला आणि एक्सझेड या, लिनक्स या संगणक प्रणालीत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात कोणीतरी मोठ्या चिकाटीने पेरलेली चोरवाट त्याला सापडली. तो काही सुरक्षा विभागात नव्हता. त्याला आपल्या यंत्राची रोजची चाल माहीत होती, एवढेच. नेहमीचे काय आहे हे ज्याला ठाऊक असते त्यालाच वेगळे काय घडले ते दिसते. म्हणूनच ग्राहकाचे काम कसे चालते, पगार कधी होतात, महिनाअखेरीला रात्री कोण थांबते, हे शिफ्टवरील मुलांना माहीत असावे असा माझा आग्रह असतो. आम्ही काही ग्राहकांच्या सर्व्हरवर 'पगार सुधारणा अंतिम' अशा नावाची रिकामी फाइलही ठेवतो. कामाच्या माणसाला तिची गरज नसते. ती उघडली गेली तर कोणीतरी घर चाचपडत आहे असे समजायचे.

आणि ज्या यंत्रांवर ईडीआर बसतच नाही, त्यांचे काय, हा प्रश्न कारखान्यांच्या या पट्ट्यात मला फार महत्त्वाचा वाटतो. अकिरा या खंडणीखोर टोळीच्या एका हल्ल्याचा तपशील २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ईडीआरने त्यांचा प्रयत्न अडवला, तेव्हा त्यांनी त्याच नेटवर्कवरील एका कॅमेऱ्यात शिरून तेथून फायली कुलूपबंद केल्या. रबाळ्याच्या कोणत्याही गाळ्यात किती कॅमेरे, हजेरीची किती यंत्रे आणि उत्पादन चालवणारे किती जुने नियंत्रक एकाच नेटवर्कवर आहेत, ते पाहिले म्हणजे या हल्ल्याचा अर्थ कळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, त्याचे कारण संसदेत दिले गेले ते नेटवर्कची योग्य विभागणी नसणे हेच. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले.

घडले काय, हे सांगता यायलाही नोंदी लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्यामागे सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. त्या वादात मी पडत नाही. पण कोणत्याही संस्थेत घटनेनंतर असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुराव्यानिशी द्यायचे असेल तर नोंदी शाबूत हव्यात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळवण्याची अटही त्यातच आहे. ही अट अनेकांना किरकोळ वाटते. त्या रात्रीच्या तपासात एका सर्व्हरचे घड्याळ सात मिनिटे मागे होते, आणि कोणती घटना आधी घडली हे ठरवण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

प्रतिसाद देताना पहिली हालचाल म्हणजे तोडणे. यंत्र बंद करायचे नाही, कारण त्याच्या मेमरीतला पुरावा बंद करताच नाहीसा होतो. त्याला फक्त नेटवर्कपासून वेगळे करायचे. तोडण्याची किंमत असते, हे मला मान्य आहे. टाटा समूहाच्या जग्वार लँड रोव्हरने २०२५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला हल्ला लक्षात येताच स्वतःहून आपल्या प्रणाली बंद केल्या, आणि उत्पादन टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. चिपळूणहून बोलणाऱ्या त्या आयटी प्रमुखांची भीती म्हणूनच मला समजते. कागदपत्रे अडली असती तर सोमवारी जाब त्यांनाच विचारला गेला असता. पण दुसरे उदाहरणही आपल्यासमोर आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या, लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाल्याचे कळताच राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला देशाच्या पेमेंट व्यवस्थेपासून वेगळे केले. सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार थांबले, लोकांना त्रास झाला, आणि तपासणी होऊन दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. असे लगेच करता येते ते असा निर्णय कोणी घ्यायचा हे आधी ठरलेले असले तरच.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हे लिखाण मला पुरे करता येणार नाही. त्या लेखापालांना शुक्रवारी संध्याकाळीच शंका आली होती. एंटर दाबल्यावर क्षणभर एक काळी खिडकी उघडून मिटली, ती त्यांनी पाहिली होती. त्यांनी कोणालाही सांगितले नाही, कारण मागच्या वर्षी चुकीच्या दुव्यावर क्लिक करणाऱ्या एका मुलीला सर्वांसमोर बोलणी खावी लागली होती. तपासाच्या वेळी ते माझ्यासमोर बसले होते, हाताचे तळवे रुमालाला पुसत होते, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मॅडम, माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नाही." मी त्यांना खरे तेच सांगितले, की त्या चौकटीने फसणारे ते पहिले नव्हते आणि अनुभवी अभियंतेही तिला फसले आहेत. शुक्रवारी सहा वाजता एक फोन आला असता तर आमच्याजवळ ५२ मिनिटे नव्हे, आठ तास असते. जी संस्था चूक कळवणाऱ्याला शिक्षा करते ती आपला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर वाजणारा अलर्ट स्वतःच बंद करते, आणि मला याचा मनापासून राग येतो.

त्या घटनेनंतर त्यांच्या संचालकांनी आम्हाला बोलावले. चर्चा बरीच ताणाची झाली, पण शेवटी एका पानाचा कागद तयार झाला आणि त्यावर सह्या झाल्या. लेखा आणि बॅकअप या दोन विभागांतील कोणतेही यंत्र रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत आणि सुट्टीच्या दिवशी शिफ्टवरील प्रमुखाने संशयावरून परवानगीशिवाय तोडावे, नंतर कळवावे, आणि संशय खोटा ठरला तरी त्याबद्दल कोणालाही जबाबदार धरू नये, असे त्यात लिहिले आहे. फोनची यादी आता दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्यक्ष फोन लावून तपासली जाते. बॅकअपची एक प्रत वेगळ्या खोलीत, तुटलेल्या स्थितीत असते, आणि तीन महिन्यांतून एकदा ती उभी करून पाहिली जाते. गेल्या महिन्यात, कोणालाही न कळवता, शनिवारी रात्री आम्ही सराव घेतला. शिफ्टवर तोच मुलगा होता. खोटा अलर्ट आल्यापासून सर्व्हर तुटेपर्यंत सहा मिनिटे लागली, त्यांतली चार मिनिटे नोंदी तपासण्यात गेली.

त्यानंतर त्याने चिपळूणच्या त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला.